कोरडी होडी

माझा बाप छातीभर पाण्यात उभा होता. डोक्यावर होडीचं सुकाणू. दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरलेले, त्यामुळे सुकाणू सावरायला हात मोकळा नाही. ते घसरून पडलं की वरून आवाज यायचा, "पुन्हा ठेव." तो वाकायचा, पाण्यातून ते उचलायचा, डोक्यावर ठेवायचा आणि परत कान धरायचा. तेव्हा त्याचं वय साठीला आलं होतं.

घाटाच्या पायऱ्यांवर खुर्च्या मांडलेल्या. चहा चालला होता. इंदूरचे पाहुणे, पुण्याहून आलेले व्याही आणि तलावावरच्या बोट क्लबाचे सात-आठ मेंबर. सगळ्यांच्या मध्ये बापूसाहेब. क्लबाचे नवे सेक्रेटरी. यांचे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ती होडी त्या आजोबांची होती.

"म्हण," बापूसाहेब म्हणाले, "होडीबाई, चुकलो. मी तुझ्या लायकीचा नाही."

आबा, म्हणजे माझा बाप, तसं म्हणाला. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

मी खालच्या पायरीवर होते. बावीस वर्षांची बाई. हातात राळेचं डबडं. मी काही केलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला शूर समजेल.

आबाचा गुन्हा काय होता, तर त्यानं होडी पाण्यात बुडवून ठेवली होती.

आम्ही भोई. आमचे पूर्वज दक्षिणेतून सरदारांच्या पालख्या खांद्यावर घेऊन माळव्यात आले. पालख्या गेल्या, संस्थान गेलं, खांदे तेवढे राहिले. धारच्या तलावावर दरबाराच्या वेळच्या तीन शिडाच्या होड्या होत्या. त्या राखायचं काम आधी माझ्या आजोबाकडं, मग आबाकडं आलं. पगार क्लब द्यायचा. तलावाच्या काठावर होड्यांच्या छपराला लागून एक खोली होती, तीत आम्ही राहायचो. मी आणि आबा. आई मी चौथीत असतानाच गेली. शाळा हिंदीत झाली माझी, पण घरात मराठी. ही साहेबमंडळी बाजारात हिंदी बोलायची, मोटारीच्या ड्रायव्हरशी माळवी बोलायची. आम्हाला शिव्या मात्र शुद्ध मराठीत द्यायची.

होडीचं काम मी आबाकडून शिकले. फळ्यांच्या फटींतला जुना काथ्या खरडून काढायचा. नवा काथ्या अळशीच्या तेलात भिजवून ठासायचा. वरून राळ. हात काळे होतात आणि काळेच राहतात. चार-चार दिवस भाकरीला राळेचा वास येतो. पण हे सगळं करूनही होडी तरत नाही. उन्हाळाभर आणि पावसाळाभर ती छपराखाली कोरडी पडलेली असते. लाकूड आक्रसतं, फळ्या एकमेकींना सोडतात. तिला आधी पाणी पाजावं लागतं.

म्हणून आमच्याकडं एक रीत होती. लोकांच्या घरी घट बसायचे त्या दिवशी आम्ही होड्या बसवायचो. उथळ पाण्यात नेऊन, आत दगड भरून, काठोकाठ बुडवायचो. आठ दिवस. लाकूड पाणी पिऊन फुगायचं, फटी आपोआप मिटायच्या. आठव्या दिवशी वर काढून पुसायचो, खंडेनवमीला पूजा व्हायची, आणि दसऱ्याला मेंबर लोक पांढरे कपडे घालून तलावाला फेरी मारायचे. आबानं तीस वर्षं हे केलं. कुणाला ठाऊक नव्हतं. जुने सेक्रेटरी नवरात्राचे नऊ दिवस घराबाहेर पडत नसत. मेंबरांना होडी दिसायची ती थेट पूजेच्या दिवशी, झेंडूची माळ घातलेली. ती तरते कशी, हे कुणी विचारलं नाही.

विचारणं त्यांच्यात कमीपणाचं होतं. एकदा एका मेंबराचा कॉलेजातला मुलगा माझ्या हातातली खरवडणी घेऊन बसला, सहज, हौसेनं. त्याच्या बापानं त्याला सगळ्यांसमोर उठवला. म्हणाला, भोयाची कामं करायची असतील तर भोयाच्या घरी जेवायला जा. त्यांच्या मते होडी चालवणारा वेगळ्या जातीचा आणि होडी राखणारा वेगळ्या. एकदा पूजा झाली की आबानं मधल्या फळीच्या मागं पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. मागं सुकाणू. तिथं मेंबर बसणार. आणि सुकाणूवर बसलेल्यांपैकी निम्म्यांना पोहता यायचं नाही.

मला होडी चालवता येत होती. त्यांच्यापेक्षा बरी. चाचणीसाठी पहाटे होडी बाहेर काढली की आबा सुकाणू माझ्या हातात द्यायचा आणि पुढं बसून विडी ओढायचा. हे कुणाला दिसायचं नाही, म्हणून चालायचं.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा होता. म्हणजे मला तसं वाटलं होतं. देवासला तेव्हा कारखाने नवे होते, महाराष्ट्रातून माणसं नोकरीला येत होती. त्यातलाच एक इंजिनिअर. मूळचा कोकणातला. रविवारी मोटारसायकलवरून धारला यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि आमच्याबरोबर काथ्या ठासायला बसायचा. चुलत्याच्या होड्या होत्या म्हणे त्याच्या गावी. आबा त्याला माळवी पद्धतीनं इंजिनिअर भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा. मला तो म्हणाला होता, "मला साहेब नको म्हणू. दादा म्हण." मी म्हणायचे. मला भाऊ नव्हता. बरं वाटायचं.

मेंबर लोक त्याची टिंगल करायचे. याच्या हाताला राळ लागली म्हणजे याच्या रक्तातच खलाशी असणार, असं त्याच्यासमोर बोलायचे. तो हसायचा. त्याला क्लबाचा मेंबर व्हायचं होतं. अर्ज दिलेला होता, निकाल दसऱ्याला लागणार होता. हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी, आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, घटस्थापनेला तो आमच्याबरोबर पाण्यात होता. होडीत दगड भरताना आबाला म्हणाला, "आमच्याकडेही अश्शाच भिजवतात, आबा." आबा इतका खूश झाला की संध्याकाळभर तेच सांगत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शिकलेला माणूस त्याच्या कामाला बरोबर म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेब पाहुण्यांना घेऊन न सांगता आले. आजोबांची होडी दाखवायला. होडी पाण्याखाली. वर फक्त डोलकाठीचं भोक असलेली फळी आणि थोडं नाक.

आबा धावत गेला. हात जोडून म्हणाला, "सरकार, होडी बुडली नाहीये. पाणी पिऊन राहिली आहे." पाहुण्यांत हशा पिकला. त्या हशानं बापूसाहेबांचं डोकं फिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली की आबाची, कोण जाणे. पण कुणीतरी त्याची भरपाई करायची होती. त्यांनी आबाला पाण्यात उतरवलं.

सुकाणू डोक्यावर, कान हातात. आबा तसाच उभा असताना बापूसाहेब मागं वळले. तिथं इंजिनिअर उभा होता, त्या दिवशी मेंबरांबरोबर आलेला, हातात कपबशी.

"तुम्ही कोकणातले," बापूसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे होडी बुडवून ठेवतात का हो?"

आबानं मान वळवली. सुकाणू पडलं. ते उचलायचं विसरून तो इंजिनिअरकडं बघत राहिला. त्या चेहऱ्यावर आशा होती. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची ती आशा मी आजही विसरले नाही, आणि तिच्याइतकं वाईट मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

इंजिनिअर म्हणाला, "नाही. असं काही मी बघितलेलं नाही."

आणि चहा प्यायला.

आबानं खाली वाकून सुकाणू उचललं. डोक्यावर ठेवलं. कान धरले. त्यानंतर त्यानं एकदाही वर बघितलं नाही. पाहुण्यांचा चहा संपून मोटारी सुरू होईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं.

होड्या वर काढून उन्हात टाकायचा हुकूम झाला. इंदूरहून रोगणाचे डबे आले. दोन हात रोगण. पितळेच्या कड्या चिंचेनं घासायच्या. मी घासल्या. ऑक्टोबरचं ऊन होतं. चार दिवसांत फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आणि वरचं रोगण असं चमकत होतं की त्यात तोंड दिसावं. येणारा-जाणारा म्हणायचा, यंदा होड्या काय सुंदर दिसतायत.

आबा तापानं पडला. छातीत कफ भरला. तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मी जेवायला उठवलं की एकच विचारायचा, "तो असं का म्हणाला गं?" मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पण आबा नाही.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर बापूसाहेबांनी होडी पाण्यात घातली आणि ती चाळणी निघाली. दसऱ्याला पाहुणे येणार, फेरी निघणार, शिवाय भोपाळचे कुणी बडे अधिकारी येणार होते. मला बोलावणं आलं. बापूसाहेब छपरापाशी उभे होते, इंजिनिअर बाजूला. शीड धरायला बापूसाहेबांनी त्याला आपल्या होडीत घेतलं होतं. मोठाच मान तो.

होडीच्या नाकाकडं खाली बसायला थोडी जागा असते. तिथं मी बसायचं. वरून जुनं शीड टाकणार. घाटाच्या उलट्या बाजूनं हात बाहेर काढून डब्यानं पाणी उपसत राहायचं. फेरी संपेपर्यंत.

"डोकं वर काढायचं नाही," बापूसाहेब म्हणाले. "दसऱ्याच्या दिवशी भोयाची पोर होडीत बसलेली दिसली तर शोभा होईल माझी."

नाही म्हटलं तर काय, तेही सांगितलं. खोली क्लबाची आहे.

मी हो म्हटलं. आबा आत खोकत होता. त्याला घेऊन जायला दुसरं छप्पर नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी माझ्यावर शीड टाकलं. कुजक्या कापडाचा आणि ताज्या रोगणाचा वास. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि लुगडं पहिल्या पाच मिनिटांतच भिजलं. घाटावर सनई वाजत होती. टाळ्या ऐकू आल्या. बापूसाहेब सुकाणूवर. बाकी दोन होड्या मागून येत होत्या, त्यांच्यातही पाणी भरत होतं, पण त्यांना काठाकाठानं जायची मुभा होती. बापूसाहेबांना तलावाच्या मधून जायचं होतं, घाटासमोरून.

मी उपसत होते. एक डबा बाहेर टाकावा तर दोन डबे आत येत होते. तळाच्या फळीतून पाणी बुडबुडत वर यायचं. अंधारात मला ते दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. वर दोघं बोलत होते. वारा, शीड, घाटावर कोण कोण आलंय. बापूसाहेब म्हणाले, आज संध्याकाळी तुमचा अर्ज मंजूर झाला म्हणून समजा. इंजिनिअर म्हणाला, आपली कृपा.

शिडाच्या कडेखालून त्याचा पाय दिसत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. पांढरा कॅनव्हासचा बूट. घट बसायच्या आधीच्या रविवारी तोच पाय अनवाणी, राळेत माखलेला, माझ्या शेजारी होता.

मी त्या बुटाकडं बघून म्हटलं, "दादा, तुमच्याकडं होडी भिजवतात की नाही?"

मग तो हळूच म्हणाला, "आधी पाणी काढ. मग बोलू."

"काय बडबडते ती?" बापूसाहेब.

"काही नाही."

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा तो काही नाही म्हणाला. पहिल्या वेळी पाहुणे होते, अर्ज होता, घाबरला असेल, असं मी आठवडाभर स्वतःला समजावत होते. आता तिघंच होतो. आता तर होडीच सांगत होती की माझा बाप खरं बोलला होता. पाणी त्याच्या बुटापर्यंत आलं होतं आणि तरी त्याच्या तोंडून ते निघत नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की याला माहीत नाही असं नाही, याला खरं परवडत नाही. आणि मी इथं अंधारात बसून जे उपसते आहे ते पाणी नाही. मी यांचं खोटं तरंगत ठेवते आहे. माझ्याच हातांनी.

मी डबा खाली ठेवला.

पाणी भराभर चढलं. बापूसाहेब ओरडले, "उपस. उपस ना."

"उपसणार नाही," मी म्हटलं.

"आजच्या आज खोली रिकामी करायला लावीन."

"लावा."

मी शीड बाजूला केलं आणि उभी राहिले. डोकं, खांदे, सगळी. घाटावरची सनई थांबली की मला ऐकू यायची थांबली, ठाऊक नाही. शे-दोनशे माणसांनी मला पाहिलं. भिजलेलं लुगडं, काळे हात. मी मधल्या फळीवर पाय ठेवला. मग तिच्या मागं ठेवला. जिथं पूजेनंतर तीस वर्षांत कधी आबाचा पाय पडला नाही, तिथं.

होडी काठोकाठ भरली आणि पाण्याच्या बरोबरीला आली. लाकूड पुरतं बुडत नाही. बापूसाहेब डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून छातीभर पाण्यात लोंबकळत होते. त्यांना पोहता येत नव्हतं. "सोडू नका म्हणजे झालं," मी म्हटलं. इंजिनिअर पोहत निघाला होता. कुणाकडं न बघता, सगळ्यांच्या आधी, काठाकडं. चांगला पोहायचा तो. शेवटी समुद्राकाठचा.

मी सावकाश पोहत घाटावर आले. पायऱ्या चढले. खुर्च्यांमधून वाट होती. एका पाहुण्यानं विचारलं, "क्या हुआ, बाई?" मी मराठीत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "होडी कोरडी होती. माझ्या बापाला ती भिजवू दिली नाही."

आपट्याची पानं वाटायचं ताट एका बाईच्या मांडीवर तसंच राहिलं.

खोलीत आले तर आबा उठून बसला होता. गलका त्याच्या कानावर गेला होता.

"होडी कुठाय?"

"तलावात. पूर्ण भरली."

तो जरा विचार करून म्हणाला, "काढू नका म्हणावं. चार दिवस तरी राहू दे. आता पिते आहे तर पिऊ दे."

मला त्याचा राग आला. त्याच्या छातीत कफ, डोक्यावर सुकाणूची खोक, घर जाणार, आणि याला त्यांच्या होडीची काळजी. आजही येतो तो राग. पण त्या तलावावर होडी कुणाची होती, हेही त्या क्षणी कळलं. बाकीच्यांकडं तिचे कागद होते.

संध्याकाळी आमचं सामान बाहेर काढलं. दोन ट्रंका, चूल, अळशीच्या तेलाचा डबा. मामा देवासला होता. त्याच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. आबा दुसरा हिवाळा काढू शकला नाही. शेवटपर्यंत त्याला वाटायचं की क्लबाचं बोलावणं येईल, होड्या कुणीतरी भिजवायला हव्यात. कुणी बोलावलं नाही. आजोबांची ती होडी बापूसाहेबांनी बंगल्यासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवली आणि आत माती भरून शेवंती लावली. दर दिवाळीला तिला रोगण देतात. छान चमकते, असं ऐकते.

मी देवासला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. तीन-चार वर्षं झाली असतील. एक दिवस सुट्टीच्या भोंग्यानंतर चौकीदार म्हणाला, "बेन, तमारा से मिलवा कोई साब आया हे."

गेटवर इंजिनिअर होता. स्कूटर, थोडं पोट सुटलेलं. आबा गेल्याचं त्याला आता कळलं होतं. तो खाली बघत म्हणाला की त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, रात्र रात्र झोप येत नाही, तू मला माफ कर. घरी ये, बायको चांगली आहे, तुझ्यासाठी आमच्या कंपनीत बघतो. डोळे भरले होते त्याचे. खरेच भरले होते.

मी म्हटलं, "मला नका सांगू. धारला जा. दसऱ्याला घाटावर खुर्च्या मांडतात. तिथं उभे राहा आणि मोठ्यानं सांगा की होडी भिजवावी लागते, आणि हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"आता इतक्या वर्षांनी त्याचा काय उपयोग?"

"तुम्हाला नसेल."

तो गेला नाही. क्लबाचा मेंबर मात्र झाला होता, हे मला आधीच कळलं होतं. पुढं बढती घेऊन पुण्याला गेला. मी त्याला माफ केलेलं नाही. बापूसाहेब निदान कधी राळेत हात घालून माझ्या शेजारी बसले नव्हते.

कारखान्यात तपासणीला बडे लोक येतात तेव्हा आम्हा बायकांना मागच्या गोदामात बसवायची पद्धत होती. कळकट कपडे बरे दिसत नाहीत म्हणून. पहिल्याच वर्षी मी उठले नाही. माझ्या टेबलाशी बसून राहिले. आठ दिवसांचा पगार कापला. पुढच्या वेळी आम्ही चौघी बसून राहिलो.

काम मी करते. राळ लावायला सांगा, काथ्या ठासायला सांगा, पाणी उपसायला सांगा. हात काळे व्हायची मला लाज नाही. पण माझ्यावर शीड टाकून करायला सांगाल, तर डबा खाली ठेवीन. होडीत कोण बसलंय ते बघणार नाही.